कनूचा लाकडी काठ आणि मराठवाड्याचं ऊन

ताई, कनूच्या लाकडाला मेलामाइन पॉलिश करू नका. पॉलिशवाल्याला आधी तसा निरोप द्या, मग पुढचं वाचा.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. परभणीच्या या ताईंनी दोन वर्षांपूर्वी 16 फुटी फायबरची जुनी कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची लांब, अरुंद होडी, विकत घेतली. सुट्टीच्या दिवशी येलदरी धरणाच्या पाण्यात नेतात, एरवी ती घरामागे कडुलिंबाखाली पालथी असते. अंग फायबरचं असलं तरी काठाच्या पट्ट्या, मधल्या आडव्या दांड्या, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी फळ्या आणि बैठकीच्या चौकटी लाकडाच्या आहेत. लाकूड ॲशचं, म्हणजे परदेशी. आता ते करडं पडलंय, स्क्रूभोवती काळे डाग आलेत, वार्निशचे पापुद्रे निघतायत, काठ आणि फायबर यांच्यात फट दिसतेय आणि पुढच्या टोकाला लाकूड नखानं दबतंय. पॉलिशवाल्याकडून मेलामाइन करून घेऊ, वार्निश करू की तेल देऊ, पट्टी बदलू की जोडू, आणि आपला साग चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

आमचं घराणं सुताराचं, पैठणच्या पंचक्रोशीतलं. वडील बैलगाड्या करायचे. पुढे नाथसागरावरच्या भोई मंडळींच्या होड्या दुरुस्त करता करता मी फायबरच्या कामाकडे वळलो आणि गेली वीसेक वर्षं कयाक, कनू, शिडाच्या छोट्या होड्या हेच काम करतो. एवढ्या कामातून मला पटलेली गोष्ट एकच आहे. आपल्याकडे कनूचं लाकूड पाण्यानं कमी मरतं, वैशाख आणि श्रावण यांच्यामधल्या हेलकाव्यानं जास्त मरतं.

लहानपणी हे रोज बघत होतो. चाकाचा तुंबा, आरे, पाटे सगळं बाभळीचं, आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. ऐन उन्हाळ्यात शेतकरी चाकं घेऊन यायचे, धाव खुळखुळतेय म्हणून. वडील हातोडा उचलायचेच नाहीत. ‘दोन दिवस ओढ्यात टाक,’ एवढंच सांगायचे. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि धाव पुन्हा घट्ट बसायची. लोखंड होतं तेवढंच होतं, आक्रसलं होतं ते लाकूड.

तुमच्या कनूत लोखंडी धावेच्या जागी फायबर आहे. हवेतल्या दमटपणानं फायबर हलत नाही. लाकूड हलतं, आणि तेही आडव्या अंगानं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. आपल्याकडे मे महिन्यात उघड्यावरच्या लाकडात जेमतेम 5-6 टक्के ओलावा उरतो, भर पावसाळ्यात तोच 15-16 टक्क्यांवर जातो. एक इंच रुंदीची ॲशची पट्टी एवढ्या फरकानं अर्धा ते पाऊण मिलिमीटर आकसते-फुगते. ऐकायला थोडं वाटतं, पण स्क्रूची पकड पाऊण मिलिमीटरच्या आट्यांवरच उभी असते. दरवर्षी भोक थोडं थोडं मोठं होतं, स्क्रू डुलायला लागतो, फटीत पाणी शिरतं आणि तिथेच कुज सुरू होते. तुम्हाला दिसलेली फट, काळे डाग आणि मऊ टोक ही एकाच गोष्टीची तीन रूपं आहेत.

आता वार्निश की तेल.

वार्निश म्हणजे वरून चढवलेला थर. तो अखंड आहे तोवर उत्तम. पण खालचं लाकूड असं हलत राहिलं की थर कुठेतरी तडकतो, बहुतेक वेळा जोडावर किंवा स्क्रूच्या डोक्याशी. त्या तड्यातून पाणी आत जातं आणि वरच्या थरामुळे त्याला बाहेर पडता येत नाही. तुमच्याकडे निघतायत ते पापुद्रे त्याचेच. मेलामाइन तर याहून कडक असतं. घरातल्या कपाटाला, टीव्हीच्या टेबलाला ते शोभतं. उन्हात आणि वाकणाऱ्या लाकडावर ते एका उन्हाळ्यात तडकतं आणि पुढच्या वेळी खरवडून काढताना जीव नकोसा होतो. लाखेचं फ्रेंच पॉलिश पाणी लागताच पांढरं पडतं, त्याचा विचारही करू नका. कनू बंद खोलीत ठेवणार असाल आणि दरवर्षी हात मारायची तयारी असेल, तर उन्हापासून संरक्षण देणारं, लवचिक, होड्यांसाठीचं वार्निश पाच-सहा पातळ हातांत द्या. ते दिसतंही देखणं. पण झाडाखालच्या कनूला मी तेलच देईन. तेल पापुद्रा धरत नाही, झिजलं की तेवढ्याच जागी पुन्हा फडकं फिरवता येतं, सगळं खरवडावं लागत नाही.

तेल कोणतं, यावर नीट लक्ष द्या, कारण चुका इथेच होतात. गेल्या वर्षी एका शेतकरी मित्रानं घाण्यावरचं करडईचं तेल चोळून आणलं होतं. करडई अर्धवट सुकते आणि चिकट राहते. सगळा काठ माशा पकडायच्या कागदासारखा झाला होता, वर धूळ, त्यात बुरशी. शेंगदाण्याचं तेल तर कधीच सुकत नाही. जवसाचं तेल सुकतं, पण घाण्यावरचं कच्चं जवस तेल सुकायला कितीतरी दिवस घेतं. हार्डवेअरच्या दुकानातून डबल बॉइल्ड जवस तेल घ्या, जुने रंगारी त्याला बेलतेल म्हणतात. तुंग तेल मिळालं तर आणखी चांगलं, ते पाण्याला जास्त दाद देत नाही आणि त्यावर बुरशीही कमी येते. माझं रोजचं मिश्रण म्हणजे एक भाग बेलतेल, एक भाग टर्पेंटाइन आणि एक भाग होडीचं वार्निश. नुसत्या जवस तेलावर आपल्या पावसाळ्यात काळी बुरशी धरते. वार्निशचा तिसरा हिस्सा असला की ती बरीच आवरते आणि तरी थर चढत नाही.

पहिला हात जास्त टर्पेंटाइन घालून पातळ द्या, म्हणजे खोल जातो. पंधरा-वीस मिनिटांनी जे वर राहील ते कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा. पुसलं नाही तर चिकट होतं. एक दिवस थांबून दुसरा हात, मग तिसरा. पट्टीची टोकं आणि स्क्रूची भोकं मात्र प्यायची थांबेपर्यंत पाजत राहा. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात आणि पाणी तिथूनच चढतं. रुंद बाजूवर तीन हात दिले आणि टोकाला एक, असं काम मी कितीदा तरी पाहिलंय, आणि कुजलेलं असतं ते टोकच.

तेलाच्या फडक्यांबद्दल हात जोडून सांगतो. जवस तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. फडकी गोळा करून टाकली की ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही. माझ्याकडे एका एप्रिलमध्ये पोरानं पाच-सहा फडकी बोळा करून भुशाच्या ढिगाशेजारी ठेवली. जेवून परत आलो तेव्हा शेडभर जळकट वास होता. बोळा काठीनं उलगडला तर मधोमध तळहाताएवढी काळी जागा झाली होती आणि तिच्या कडेनं ठिणगी सरकत होती. अर्धा तास उशीर झाला असता तर शेड गेली असती. तेव्हापासून प्रत्येक फडकं उलगडून एकेरी तारेवर वाळत घालतो किंवा पाण्याच्या बादलीत बुडवतो. तुम्हीही तसंच करा, आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही सांगून ठेवा.

तेल देण्याआधी जुनं वार्निश पूर्ण निघालं पाहिजे. फायबरच्या कडेला चिकटपट्टी लावून घ्या, नाहीतर पॉलिश पेपरचे ओरखडे अंगावर उठतात. आधी खरवडणी, मग 80 नंबरचा पेपर, 120 चा, शेवटी 180 चा. त्यापुढे गुळगुळीत करू नका, तेल कमी पितं. कागद नेहमी रेषांच्या दिशेनं फिरवा.

करडा रंग घासून जातो, काळा जात नाही. स्क्रूभोवतीचं काळं हे लोखंड आणि लाकडातल्या तुरट द्रव्याचं काम आहे. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तीच ही शाई, लाकडाच्या आत तयार झालेली. ती काढायला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, फरशी पॉलिश करणारे वापरतात तेच. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅमच्या आसपास विरघळवा, ब्रशनं लावा, वीस मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्यानं दोन-तीनदा धुवा. हे विष आहे. हातमोजे, चष्मा हवाच, आणि धुतल्याशिवाय त्यावर पेपर मारू नका, ती पूड नाकात गेली तर फार त्रास देते. डाग खोल असेल तर पूर्ण जात नाही, फिकट होतो. तेवढ्यावर समाधान मानावं. लाकूड खोल खोदून रंग काढण्यात ताकद घालवू नये.

पण स्क्रू तेच ठेवले तर काळं परत येणार. सगळे स्टेनलेसचे घ्या, गोड्या पाण्याला 304 प्रतीचं स्टेनलेस पुरतं. जस्त चढवलेले चमकदार साधे स्क्रू घेऊ नका, आट्यांवरचं जस्त बसवतानाच खरवडून जातं. पितळी स्क्रू देखणा दिसतो पण मान पटकन तुटते, म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्यावेत आणि मग पितळी बसवावा. आट्यांना मेण किंवा साबण लावा. जुना गंजलेला स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर धरा आणि थोडं थंड झाल्यावर फिरवा. दहापैकी आठ सुटतात.

स्क्रू एकाआड एक बदला. दोन्ही काठ एकदम सोडलेत तर फायबरचं अंग लवलवीत होऊन पसरतं आणि परत आकारात येताना नाकीनऊ येतात. काठ पूर्ण काढायचाच असेल तर आधी मधल्या रुंदीचं माप घेऊन एक लाकडी आडणी बांधून ठेवा.

ढिली झालेली भोकं काडेपेटीच्या काड्या घालून घट्ट करायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. दाराच्या बिजागरीला ते भागतं, इथे भागत नाही. भोक आठ मिलिमीटरपर्यंत मोठं करा, त्याच लाकडाची खुंटी इपॉक्सीत (दोन भाग मिसळून करायचा चिवट गोंद) बुडवून ठोका, दुसऱ्या दिवशी तासून सपाट करा आणि मग नवं बारीक भोक पाडा.

आता टोक. इथे घाई करू नका. चांभाराची आरी किंवा टोकदार पेचकस घ्या आणि टोकापासून मागे दर दोन बोटांवर टोचत या. कुजलेल्या जागी ती लोण्यात गेल्यासारखी जाते आणि काढताना ओलसर, आळंबीसारखा वास येतो. पुढे एके ठिकाणी हाताला एकदम अटकाव लागतो. तिथे खडूची खूण करा. त्या खुणेच्या मागचं वीतभर चांगलं लाकूडही धरून कापा, कारण कुजीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे गेलेले असतात. टोचताना पिठासारखा बारीक भुगा सांडला आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली, तर ते कुजणं नाही, किडा आहे. ॲशला तो लागतो. मग कीड मारणारं औषध भोकांत सिरिंजनं भरून आठवडाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नवा भुगा पडत नाही ना बघा आणि मगच जोडाला हात घाला.

जोड सरळ कापाचा कधीही टिकत नाही. टोकाला टोक चिकटवलं तर पहिल्याच धक्क्याला सुटेल. तिरका सांधा घ्या, जाडीच्या आठपट लांब. पट्टी 20 मिलिमीटर जाड असेल तर उतार 160 मिलिमीटरचा. जुनी पट्टी आणि नवा तुकडा, दोन्ही एकाच उतारानं रंध्यानं छाटायचे आणि उजेडासमोर धरून बघायचं. मधून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. मी या छाटणीला जेवढा वेळ देतो तेवढा बाकी अख्ख्या दुरुस्तीला देत नाही. आधी दोन्ही उतारांना पातळ इपॉक्सी पाजा, दहा मिनिटांनी त्याच इपॉक्सीत बारीक भुसा कालवून दह्याएवढं घट्ट करा आणि लावा. खाली-वर प्लास्टिक ठेवून शिकंजे (क्लॅम्प) लावा, पण आवळून सगळा रस बाहेर काढू नका, सांधा उपाशी राहतो. कडेनं बारीक मणी उमटले की थांबा. चोवीस तासांचं इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत सुकणारं आणि सुताराचा साधा पांढरा गोंद, दोन्ही पाण्याला टिकत नाहीत. हे काम पहाटे करा. आपल्या मार्च-एप्रिलच्या दुपारी कालवलेलं इपॉक्सी वाटीतच धुरावतं.

सागाबद्दल विचारलंत. चालतो, आणि माझ्या मते इथे ॲशपेक्षा बरा. ॲश चिवट आहे, वाकतो सुंदर, पण कुजीला अजिबात टिकत नाही. तो थंड मुलखात, वल्हं झाल्यावर शेडमध्ये जाणाऱ्या कनूसाठी निवडला गेला. साग कमी हलतो, अंगचं तेल असल्यानं कुजत नाही आणि किनवटच्या जंगलापासून आपल्याकडे त्याची ओळख आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोवळ्या सागाचं पांढरं लाकूड घेऊ नका, त्यात तो गुण नाही, फक्त गाभ्याचं घ्या. आणि तेलामुळे इपॉक्सी धरत नाही म्हणून ताजा रंधा मारून, लावायच्या अगदी आधी ॲसिटोनचं फडकं फिरवा. पाच मीटर बिनगाठीची सरळ पट्टी मिळणं अवघड, दोन तुकडे तिरक्या सांध्यानं जोडा. आतल्या आणि बाहेरच्या पट्टीचे सांधे मात्र एकमेकांसमोर येऊ देऊ नका.

बाभळीचाही मोह होतो, मलाही झाला होता. चिवटपणात तोड नाही. पण चारही पट्ट्या सागात पाच किलोंच्या आसपास भरतात, बाभळीत साडेसहा, आणि कनू शेवटी डोक्यावर उचलून न्यायची असते.

पट्टी बसवण्यापूर्वी फायबरला टेकणाऱ्या, पुढे कधीच न दिसणाऱ्या बाजूला तेलाचे तीन हात द्या. फिटिंग झाल्यावर तिथे ब्रश पोचत नाही. त्रिकोणी फळीच्या खालच्या अंगालाही तसंच. कनू पालथी असली की ते अंग वर येतं आणि कोंदट राहतं.

बैठकीच्या वेताचं तुम्ही काही लिहिलं नाही. उन्हाळ्यात वेत ठिसूळ होतो, पाण्यात नेण्याआधी खालून ओल्या फडक्यानं पुसत जा. तुटलाच तर वेत विणणारा शोधत फिरू नका, नायलॉनची नवार घेऊन बाजेसारखी विणून टाका. परभणीत ती विणणारे हात अजून आहेत.

ठेवण्याची जागा बदला. कडुलिंबाची सावली चांगली, पण काळ्या मातीवर काठ टेकलेला असेल तर वाळवी आठवड्यात चढते. दोन लाकडी घोड्या करा, गुडघ्यापेक्षा उंच, आणि काठ त्यावर टेकवून कनू पालथी ठेवा, टोकं अधांतरी राहू द्या. वरून ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. हातभर वर, खालून वारा वाहील अशी ताणा. पत्र्याच्या बंद शेडमध्ये ठेवण्यापेक्षा हे बरं. थंड देशात हिवाळ्यात काठाचे स्क्रू सैल करून ठेवा असा सल्ला वाचाल. तो काही विशिष्ट प्लास्टिकच्या अंगांसाठी आहे, गोठणाऱ्या थंडीत ती लाकडापेक्षा जास्त आक्रसून तडकतात म्हणून. तुमची फायबरची आहे आणि परभणीची थंडी तेवढी नाही, सोडून द्या.

तेलाचे हात वर्षातून दोनदा. एक मृगाच्या आधी, लाकूड अगदी कोरडं असताना, कारण तेव्हा ते सर्वांत जास्त पितं. दुसरा दिवाळीनंतर, पावसात मुरलेली ओल निघून गेल्यावर. स्क्रू हातानं तपासायचे ते मे महिन्यात, पण आवळायचे बेतानं. कोरड्या लाकडात करकचून आवळलेला स्क्रू श्रावणात लाकूड फुगल्यावर आत रुततो आणि तिथली रेष फाटते.

आज संध्याकाळी ऊन उतरलं की आरी घेऊन पुढच्या टोकाला बसा. खडूची खूण टोकापासून किती बोटांवर येते ते कळवा. त्रिकोणी फळीच्या आतच थांबली तर काठाला हात न लावता नुसती फळी बदलून भागेल. फळीच्या मागे गेली असेल तर काठपट्टीची जाडी-रुंदी मोजून पाठवा, नव्या तुकड्याचं माप मी काढून देतो.